पायरीची माती

"दारू किती पितोस?"

हे विचारताना डॉक्टरनं परसूच्या तोंडाकडं बघितलंसुद्धा नाही. एका हातानं त्याचं पोट दाबत होता आणि दुसऱ्या हातानं नर्सला पलीकडच्या खाटेकडं जायची खूण करत होता. जिल्ह्याच्या गावचा दवाखाना होता. परसू, माझा धाकटा भाऊ, खाटेवर आडवा पडलेला. ओठ चुन्यासारखे पांढरे झालेले.

"पीत न्हाई," परसू म्हणाला.

"धंदा काय?"

"सनई वाजवतो."

डॉक्टर हसला. "सनई वाजवतोस आणि पीत नाहीस. बरं. हप्त्यातनं किती वेळा पीत नाहीस?"

पलीकडच्या खाटेवरचा म्हातारापण हसला. मी पुढं झालो.

"सायेब, आमच्या घरात कुणी पीत न्हाई. देवीची चाकरी हाय आमची."

"तू कोण?"

"थोरला भाऊ. भरमू."

"म्हणजे तुझंच घर. मग तू दुसरं काय सांगणार? लिव्हर गेलंय ह्याचं. ही बघ पांथरी, म्हणजे प्लीहा, बरगडीखालनं पार इथवर आलीय. दूध पिऊन होतं का हे?"

परसूनं डोळे मिटून घेतले. शेवंताचा, म्हणजे परसूच्या बायकोचा भाऊ म्हादू माझ्या मागंच उभा होता. डॉक्टर पुढच्या खाटेकडं गेला तसा तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आता तरी खरं बोला की. माजी भन पोटुशी हाय."

मी त्याला तिथंच कानफटात मारणार होतो. परसूनं माझं धोतर धरलं म्हणून राहिलो.

*

आमचं घर सनईवाल्यांचं. कृष्णेच्या अलीकडं, मळाईच्या देवळाला लागून. देवीचा काकडा, शेजारती, नवरात्राच्या माळा, गावातली लग्नं, सगळं आमच्याकडं. परसू सनई वाजवायचा आणि मी त्याच्या शेजारी बसून सूर धरायचो. सुराची नळी सनईसारखीच दिसते, पण तिच्यातनं एकच आवाज काढायचा. गाल भरून घ्यायचे, नाकानं श्वास ओढायचा, आणि आवाज तुटू द्यायचा नाही. सनई कुठंही फिरून येऊ दे, तिला परत टेकायला जागा पाहिजे. ती जागा मी. लोक पटका परसूला बांधायचे, मला नारळ द्यायचे.

सनई कुणी धरायची आणि सूर कुणी, हे आमच्याकडं पोर जन्मल्यावर पाचव्या दिवशी ठरायचं. पाचवीला मळाईच्या खालच्या पायरीबुडची माती उकरून आणायची, देवीच्या तीर्थात मळायची आणि पोराच्या बेंबीत भरायची. बेंबीत माती भरलेल्या पोराचा दम बेंबीतनं येतो म्हणायचे. तोच सनईला. एकदा काढलेली माती परत टाकत नाहीत. ती ह्या घरातल्या कुणाच्या तरी बेंबीला लागलीच पाहिजे, नाही तर देवी घर सोडते.

माझ्या वेळी आवा, आमची आई, लांबच्या जत्रेत होती. चौघडा वाजत असताना छकड्याखाली बाळंत झाली. घरी येईतोवर माझी बेंबी वाळून गेली होती. परसू माझ्यानंतर दहाएक वर्षांनी झाला, घरात झाला, आणि त्याला माती लागली. बाप सांगायचा, "भरमूचा दम छातीतला. परसूचा बेंबीतला." झालं. मी एकच सूर धरून बसलो तो बसलो.

त्या वर्षी नवरात्रात, सातव्या माळेला, परसू वाजवता वाजवता मध्येच थांबला. मी सूर तोडला नाही. वाटलं, पुढची जागा घ्यायला थांबलाय. मग बघतो तर त्याचं पांढरं धोतर मागनं लाल होत चाललेलं. आरतीला उभ्या असलेल्या बायांनी तोंडं फिरवली.

मूळव्याध, सगळ्यांनी सांगितलं. बसून वाजवायचा धंदा, उष्णता, पोटावर जोर. तालुक्याला एक मूळव्याधवाला होता, बिडकर नावाचा. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं, पण त्याच्या पाटीवर कमळ काढलेलं होतं, त्यावरनं दवाखाना सापडायचा. त्यानं परसूला पालथं घातलं, बघितलं न बघितलं केलं आणि म्हणाला, "कोंब आहेत. कापून टाकतो. संध्याकाळी चालत घरी." त्यानं कात्री लावली आणि रक्ताची चिळकांडी त्याच्या चष्म्यावर गेली. बोळ्यावर बोळे कोंबले, तरी थांबेना. शेवटी घामाघूम होऊन बाहेर आला आणि मलाच म्हणाला, "आधी सांगायचं नाही का, पितो म्हणून?"

तिथनं आम्ही जिल्ह्याला आलो होतो, आणि तिथंही तेच.

दारूड्यांच्या लग्नात आम्ही जन्म घालवला. वराती नाचताना आमच्या अंगावर बाटल्या सांडल्या, नोटा तोंडात धरून आमच्या तोंडाशी आणल्या. पण परसूनं कधी थेंब घेतला नाही. देवीसमोर वाजवायचं तोंड म्हणून तो तंबाखूसुद्धा खायचा नाही. त्यालाच हे लोक एकामागनं एक विचारत होते, किती पितोस.

रक्त चढवून तिथं त्याला जरा बरं केलं. मग तोच हसणारा डॉक्टर म्हणाला, "हे आमच्याकडनं व्हायचं नाही. मुंबईला न्या. तिथं दुर्बिणीतनं सोनोग्राफी करतात."

म्हादू तिथनंच गावाकडं परतला. काय घेऊन परतला, ते मला नंतर कळलं.

*

मुंबईच्या त्या सरकारी दवाखान्यात पाट्या वाचता येत नव्हत्या म्हणून मी परसूला घेऊन निम्मा दिवस चुकीच्या रांगेत बसलो. ती दातांची रांग होती. एका आयानं हाताला धरून वर नेलं.

तिथं डॉक्टर काझी भेटल्या. रत्नागिरीकडच्या. बुटक्या, केस कापलेल्या, आणि सारख्या कसल्या तरी घाईत. त्यांनी परसूच्या पोटाला हात लावला, डोळे खाली ओढून बघितले, हात पुढं धरायला सांगितले. आणि त्यांनीही विचारलंच.

"दारू?"

मी काही बोलायच्या आत परसू उठून बसला. "बाई, आता तुमी बी इचारलं तर मी ह्या खिडकीतनं उडी मारीन."

डॉक्टरबाईंनी त्याच्याकडं नीट बघितलं. "नाही पीत?"

"न्हाई."

"बरं. मग नाही पीत," त्या म्हणाल्या आणि पुढचं विचारायला लागल्या. "लहानपणी रक्ताची उलटी झाली होती?"

ती झाली होती. परसू शाळेच्या वयाचा असताना भसकन रक्त ओकला होता. आवानं कुणाची तरी करणी म्हणून कोंबडं ओवाळून टाकलं होतं. मी सांगितलं.

"वाटलंच," त्या म्हणाल्या. "उद्या आतून बघू. साधी दुर्बीण घातली तर वरची कातडी दिसते. तिच्या मागं काय आहे ते दिसत नाही. आमच्या दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफी आहे. भिंतीच्या पलीकडचं दिसतं."

"सोनोग्राफी म्हंजे गरवार बायकांची आसती ती?" परसूनं विचारलं.

"तीच. फक्त आतून."

"आतनं म्हंजे कुठनं?"

"मागून."

परसूनं माझ्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. "न्हाई."

"का?"

"तुमी बाईमाणूस."

"मी रोज हेच करते."

"तुमचं रोजचं आसंल. माजं न्हाई."

नर्स तोंडाला रुमाल लावून हसली. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "परसराम, तुझ्या तालुक्याच्या त्या डॉक्टरनं न बघता कापलं. मी कापायच्या आधी बघतेय. कोणती लाज तुला परवडते, ते रात्रभर ठरव."

सकाळी परसू म्हणाला, "दादा आत येनार आसला तर करतो."

बाहेरच्या माणसाला तिथं येऊ देत नाहीत. पण त्यांनी मला अंगरखा दिला, टोपी दिली आणि परसूच्या डोक्याशी उभं केलं.

परसू कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन पडलेला. मी त्याचा हात धरलेला. पडद्यावर आधी नुसतं भिजल्या राखेसारखं दिसत होतं. त्या राखेत काळी भोकं होती, मोठी मोठी, वारुळासारखी एकात एक शिरलेली. डॉक्टरबाईंनी एक बटण दाबलं आणि ती भोकं लाल-निळी होऊन वाहायला लागली.

"हे बघ," त्या मला म्हणाल्या. "हे कोंब नाहीत. ह्या शिरा आहेत. करंगळीएवढ्या फुगल्यात. वरून दिसतात त्या दोन-तीन, खरं जाळं मागं आहे."

मग त्यांनी आणखी एक बटण दाबलं आणि आवाज आला. घूंऽऽ असा. बारीक, खालच्या पट्टीतला, न तुटणारा.

"ऐकलंस? ठोका नाही. धमनी असती तर ठोका आला असता. ही शीर आहे, सारखी वाहतेय."

मी सूर धरणारा माणूस. तीस वर्षं मी तेवढंच केलं होतं. माझ्या भावाच्या पोटात एक सूर लागलेला होता आणि तो त्याला रिकामा करत होता. परसूनंही ऐकलं. माझा हात दाबून म्हणाला, "दादा, तुझ्यापेक्षा बरा धरलाय."

डॉक्टरबाईंनी पडद्यावर बघत बघत त्या मागच्या मोठ्या शिरेत सुई नेली. आत बारीक तारेचं वेटोळं सोडलं, त्यावर डिंकासारखं औषध. मग त्यांनी परत ते बटण दाबलं.

काही ऐकू आलं नाही. त्यांनी टोक जरा सरकवून परत ऐकलं. काही नाही.

"बंद," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदा खुर्चीला टेकल्या.

*

दुपारी वॉर्डात येऊन त्यांनी समजावून सांगितलं. परसू उशीला टेकून बसला होता, पेज पीत होता. ओठांना जरा रंग आला होता.

"ह्याचं लिव्हर चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "दारूचा काही संबंध नाही. आतड्याचं रक्त लिव्हरकडं नेणारी एक मोठी शीर असते. ती ह्याची बुजलेली आहे. आत्ता नाही, फार पूर्वीची. तुमच्याकडं पाटाचं तोंड बुजलं तर पाणी काय करतं?"

"बांध फोडतं," मी म्हणालो.

"तेच झालंय. रक्तानं आडवाटा काढल्या. एक वर अन्ननळीत, तीच लहानपणीची उलटी. एक इथं खाली. ज्यानं मूळव्याध म्हणून कापलं, त्यानं फुटायला आलेल्या बांधावर कुदळ घातली. हा जगला हे नशीब."

"आता वाजवता येईल?" परसूनं विचारलं.

"आता लगेच नाही. पोटावर जोर द्यायचा नाही. पुढं बघू. तपासायला येत राहावं लागेल, हे जन्माचं आहे." मग माझ्याकडं वळल्या. "तू थोरला ना? मग तुला आठवत असेल. हा तान्हा असताना ह्याची बेंबी पिकली होती का? पू, ताप, असं काही?"

"मला काय आठवतंय, बाई," परसू हसून म्हणाला.

मी परसूच्या पोटाकडं बघितलं.

मला आठवत होतं. पाळण्यातनं वास यायचा म्हणून मी ओसरीवर झोपायचो. त्याच्या बेंबीभोवती लाल कडं उठलं होतं, मातीच्या खालनं पिवळं पाणी यायचं. अंग तव्यासारखं तापायचं. तो रडून रडून आवाज बसलेला. आणि आवा शेजारणींना कौतुकानं सांगायची, "माती काम करतीया."

"पिकली होती," मी म्हणालो. "का?"

"बेंबीची शीर बाळपणी सरळ ह्या मोठ्या शिरेला मिळालेली असते. तिथं घाण गेली की ती आत चढते. त्यानं शीर बुजलेली मी पाहिलीय. ह्याचं त्यामुळंच झालं, असं छातीवर हात ठेवून नाही सांगणार. पुष्कळांत कारण सापडतच नाही. पण विचारावं लागतं."

त्या गेल्या. परसूनं पेजेचं भांडं खाली ठेवलं. तो माझ्याकडं बघत नव्हता.

मी खाली जाऊन गावात शेजाऱ्यांकडं फोन लावला. आवाला बोलावलं.

"पोरगा झाला," आवा म्हणाली. तिचा आवाज आनंदानं फाटत होता. "परसूला सांग. उद्या पाचवी. गुरवानं माती काढून दिली."

एवढ्या वर्षांनी परसूच्या घरात पाळणा हलला होता. मला आधी ते बोलायला पाहिजे होतं.

"आवा, माती लावू नगं," मी म्हणालो.

"काय?"

"मी येईतोवर काय बी लावू नगं त्या पोराला."

"ममईत चार दिस ऱ्हायलास तर मला शिकवाय लागलास?" ती म्हणाली आणि फोन शेवंताच्या भावाकडं दिला असावा, कारण पुढचा आवाज म्हादूचा होता. "काय म्हनतोय दारूड्या? शुद्धीत हाय का?" मी फोन आपटला.

वर येऊन परसूला सांगितलं. मुलगा झाला हे ऐकून तो रडला. मग मी मातीचं बोललो आणि त्याचं रडणं थांबलं.

"लावू दे," तो म्हणाला.

"ऐकलं न्हाईस बाई काय म्हनल्या?"

"ऐकलं. छातीवर हात ठेवून सांगत न्हाई म्हनल्या."

"परसू, तुजी बेंबी कुजली होती. मी बघितलीय. वास मला अजून येतो."

"आनि दम? त्यो कुठनं आला? पंचक्रोशीत माज्यावानी दुसरा दाखव." तो उठून बसला. पलीकडचे लोक बघायला लागले. "त्या मातीनं मला सनई दिली. माज्या पोराला बी मिळंल."

"तुज्या पोराला बी हीच खाट मिळंल."

"तुला लावली न्हाई म्हनून जळतोस तू," परसू म्हणाला. हळू म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "जल्मभर जळतोस. माज्या मांडीला मांडी लावून बसतोस आनि जळतोस. मला काय कळत न्हाई व्हय? आता माज्या पोराचं बी तुला बघवंना."

मी त्याच्या अंगावर धावून गेलो. एका आयानं मधे हात घातला. माझ्या तोंडातनं शिव्या येत होत्या आणि मला त्या थांबवता येत नव्हत्या. जळत होतो, हे खरं होतं. पण आज मी त्यासाठी बोलत नव्हतो, आणि हे सिद्ध करायला माझ्याकडं काही नव्हतं.

"जा," परसू म्हणाला. "जायचं तर जा. हितं थांबू नगं." आणि तोंड फिरवून घेतलं. ते पुढं वर्षभर फिरवलेलंच राहिलं.

मी आयाला त्याच्याकडं बघायला सांगितलं आणि पहाटेची गाडी धरली.

*

घरी पोचलो तेव्हा दुपार कलली होती. ओसरीवर चार बाया बसलेल्या. आत पाट मांडलेला, पाट्यावर वरवंटा उभा केलेला, सटवाईची पूजा झालेली. आवाच्या समोर पितळेची वाटी आणि तिच्यात मळलेली काळी माती. ही माती जिथली, त्याच पायरीवर दसऱ्याला बकरं पडतं. गावाचे सगळे पाय तिथनंच वर चढतात.

शेवंता भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर पोर. म्हादू दारात उभा होता.

"आला," तो म्हणाला. "वास घ्या गं कुनीतरी तोंडाचा."

मी त्याला बाजूला ढकलून आत गेलो. शेवंतानं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, "थोरलं भावजी, खरं सांगा. ते पित्यात?"

"न्हाई. मशिनीनं आतनं बघितलं. लिव्हर चांगलं हाय. एक शीर तान्हेपणी बुजलीया, त्यानं झालं सगळं. तुज्या भावाला सांग हे, आनि त्यानं गावभर ज्यांना सांगितलं त्यांना बी जाऊन सांगू दे."

आवा वाटी घेऊन उठली.

"बाजूला सर, भरमू. येळ जातीया."

"आवा, त्याची शीर का बुजली, ते आईक."

मी सगळं सांगितलं. रागानं सांगितलं, मधे मधे श्वास तुटत होता. बेंबीची शीर, घाण, ताप, पाळण्याचा वास. आवा ऐकत राहिली.

"म्हंजे मी मारलं माज्या पोराला?" ती म्हणाली.

"न्हाई म्हनत तसं. डॉक्टरबाई बी नक्की सांगत न्हाई."

"मग?"

"मग ह्या पोरावर मला ते नक्की करून बघायचं न्हाई."

"आनि सनई?" आवाचा आवाज चढला. "परसूचं काय खरं न्हाई. तुज्याच्यानं हुनार न्हाई. ह्याला माती न्हाई लावली तर देवीपुढं कोन बसनार? तुजी एक पीं पीं? माती काढलीया, भरमू. काढलेली परत जात न्हाई. हे घर बसंल."

ती शेवंताकडं वळली. शेवंतानं पोराला पदराखाली घेतलं आणि त्याच्यावर दोन्ही हात ठेवले.

"आत्याबाई," ती म्हणाली, "ह्याला न्हाई."

आवा तिथंच उभी राहिली. आता ती रडेल असं मला वाटलं. रडली नाही. तिच्या तोंडावर जो राग होता तोच माझ्या तोंडावर असावा, कारण एक बाई दुसरीला म्हणाली, मायलेक बघ कसे एकासारखे एक.

मी अंगातली बंडी काढली. तिच्यासमोर पाटावर बसलो, मागं हात टेकले आणि पोट पुढं काढलं.

"माती परत जात न्हाई न्हवं? ह्या घरातल्या बेंबीला लागली म्हंजे झालं न्हवं? मग मला लाव."

ओसरीवर कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

"येडा हाईस," आवा म्हणाली.

"माजी ऱ्हायली होती. छकड्याखाली जल्मलो म्हनून ऱ्हायली. जल्मभर ऐकलं, भरमूचा दम छातीतला. घाल आता. माजी बेंबी वाळून चाळीसच्या वर वर्सं झाली, माजं काय बिघडत न्हाई."

ती बराच वेळ माझ्या पोटाकडं बघत राहिली. पिकलेले केस, सुटलेलं पोट. मग खाली बसली. बोटांनी माती उचलली आणि माझ्या बेंबीत भरली. जोरानं भरली, दुखेल अशी. अंगठ्यानं दाबली. माती गार होती. तिला तीर्थाचा आणि कसला तरी जुना वास होता. वाटी पार पुसून घेतली तिनं. कणसुद्धा ठेवला नाही.

मग उठली, खुंटीवरची परसूची सनई काढली आणि माझ्यासमोर धरली.

"लागली माती," ती म्हणाली. "आता वाजव."

ती मला शिक्षा देत होती. पाचवीला सनई वाजल्याशिवाय आमच्याकडं बाया उठत नाहीत, आणि त्या सनईला मी कधी हात लावला नव्हता. मी ती घेतली. जिभाळी, तोंडाकडची पत्ती, ओली केली. गाल भरले आणि फुंकलं. आधी नुसती हवा आली. मग आवाज आला. एकच. बोटं कुठं ठेवायची ते माहीत होतं, आयुष्यभर शेजारून बघत होतो, पण हलली नाहीत. मी तोच एक सूर धरून राहिलो, बेंबीतली माती टोचत असताना, आवाच्या डोळ्यांत बघत. मी तोडणार नव्हतो. ती वळेपर्यंत तोडणार नव्हतो.

शेवंताच्या पदराखाली पोर जागं झालं आणि रडायला लागलं. आधी कुरकुरलं, मग तोंड वासून भोकाड पसरलं. माझा सूर त्याच्याखाली बुडून गेला. म्हादू दारातनं आत बघायला लागला. पलीकडच्या आळीतलं कुत्रं भुंकायला लागलं. पोर श्वास घ्यायला थांबायचं आणि पुन्हा पहिल्यापेक्षा वर जायचं.

शेवंतानं त्याला उघडं करून वर धरलं. बेंबीवरची नाळ काळी, सुकत आलेली. तिच्याभोवती काही नव्हतं.

आवा त्या पोराकडं बघत राहिली. रिकामी वाटी तिच्या हातात होती.

"दम हाय," ती म्हणाली. रागानंच म्हणाली.

मी सूर सोडला नाही.